सोफ्यावरचा तांबडा रस्सा: डाग परत का येतो?

प्रश्न थोडक्यात असा. राजारामपुरीतल्या एका घरी दोन आठवड्यांपूर्वी आखाडाचं जेवण होतं. क्रीम रंगाच्या कापडी सोफ्यावर तांबड्या रश्श्याची वाटी उलटली, काही शिंतोडे खालच्या लोकरी गालिच्यावर उडाले. घरच्यांनी आधी मीठ टाकलं, मग कपड्याच्या साबणानं घासलं, तर पिवळट डाग एकदम लाल झाला. मग खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं. फेस आला, डाग गेल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी तो परत उगवला, आणि आता भोवती तपकिरी कडाही आलीय. विचारलंय एवढंच, की नक्की कुठलं लिक्विड वापरू?

नमस्कार. मी कोल्हापुरात सोफे आणि गालिचे धुण्याचं काम गेली २४ वर्षं करतोय. आमच्या धंद्यात आखाड आणि रंगपंचमी हे दोन सीझन, त्यामुळे तुमचा डाग माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. लिक्विडाचं सांगतोच, पण तो तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न सोफ्याचं कापड कुठलं हा. आणि दुसरा, म्हणजे तुमचा खरा प्रश्न, आत मुरलेलं बाहेर कसं काढायचं हा. आतापर्यंत तुम्ही जे जे केलंत त्यात सोफ्यात काहीतरी घातलं. बाहेर फार थोडं काढलं.

सोफ्याची बैठक म्हणजे वर कापड आणि खाली चार-पाच इंच फोम. वाटी उलटली तेव्हा वरवरचा रस्सा तुम्ही पुसून घेतला, उरलेला फोमनं प्यायला. त्यावर साबणाचं पाणी गेलं, त्यावर व्हिनेगर. प्रत्येक वेळी कापड वरून स्वच्छ दिसलं, कारण डाग खाली ढकलला गेला होता. नंतर कापड वाळायला लागलं. सोफ्याला वाळायची वाट एकच, वरची. कंदिलाच्या वातीतनं रॉकेल चढतं तसं आतलं पाणी कापडाकडं चढतं आणि येताना तेल, हळद, साबण सगळं घेऊन येतं. पाणी उडून जातं, बाकीचं कापडावर बसतं. ओल जिथपर्यंत पसरून थांबली तिथं तपकिरी कडा उमटली. म्हणजे तुमचा डाग गेलाच नव्हता, तळघरात जाऊन बसला होता.

लाल रंगाचं कोडं तर आपल्या घरातलंच आहे. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, ही जुनी रीत. हळदीतला पिवळा रंग अल्कलीत लाल होतो. कपड्याच्या साबणात अल्कली असते, धुण्याच्या सोड्यात त्याहून जास्त. मी नवीन असताना ताराबाई पार्कातल्या एका घरी हळदीच्या डागावर धुण्याच्या सोड्याचं पाणी मारलं होतं. घरच्या काकू चहा घेऊन आल्या, सोफ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "डाग काढायला बोलावलं होतं, कुंकू लावायला नाही." त्या दिवसापासून हळद दिसली की सोडा गाडीतच राहतो. समाधान एवढंच, की हा लालपणा कायमचा नसतो. व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्यानं तो परत पिवळ्यावर येतो. पिवळा मात्र राहतो, हे ध्यानात ठेवा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपाय मोबाईलवर सगळीकडं फिरतो. एक आम्ल, एक अल्कली. एकत्र आले की एकमेकांना मारतात, फेस म्हणून गॅस उडून जातो आणि मागं जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. फेस बघून माणसाला वाटतं काहीतरी होतंय. होतं ते त्या दोघांच्यात, डागाशी त्याचा संबंध नाही. मिठाचंही तेच. ओलावा थोडा ओढतं, पण घासल्यावर विरघळून फोममध्ये जातं, आणि पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे तुमच्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. तुमची बैठक दमट लागत असेल तर त्यात मिठाचा वाटा आहे.

आता कापड. हे मला इथं बसून कळणार नाही, आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. बैठकीच्या खाली किंवा चेनच्या आत शिवणीजवळ कंपनीची पट्टी असते का बघा. त्यावर डब्ल्यू असेल तर पाण्यानं साफ करता येतं, एस असेल तर पाणी नको, फक्त ड्रायक्लीनचं द्रावण, दोन्ही असतील तर दोन्ही चालतं, आणि एक्स म्हणजे व्हॅक्यूमशिवाय काही करू नका. आपल्याकडं बहुतेक सोफे स्थानिक कारागिराकडून बनवलेले, त्यांना पट्टीच नसते. मग शिवणीच्या आतल्या बाजूला कापडाच्या कडेचा सुटा दोरा घ्या, शिवणीचा नव्हे, चिमट्यात धरा, बेसिनवर नेऊन जाळा. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा तसलंच काही. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख असेल तर सुती किंवा व्हिस्कोस. केस जळल्याचा वास आला तर लोकर किंवा रेशीम. दोरा मिसळीचा असेल तर दोन्ही लक्षणं दिसतात. कोल्हापुरात आहोत म्हणून सांगतो, ही मिसळ ओळखायला जिभेचा उपयोग नाही.

व्हिस्कोस सगळ्यात दगाबाज. रेशमासारखं चमकतं, आणि ओलं झालं की निम्मा जीव जातो. एका मखमली सोफ्याला मी पॉलिस्टर समजून ओला केला होता. डाग गेला, पण तिथली लव कायमची चपटी झाली, आणि त्या बैठकीच्या कापडाचे पैसे मी खिशातून भरले. तेव्हापासून दोरा जाळल्याशिवाय बादलीला हात लावत नाही. तुमचंही कापड चमकदार असेल, किंवा जाळल्यावर कागदाचा वास आला, तर पुढचा भाग वाचू नका. माणूस बोलवा.

क्रीम रंगाचे बरेचसे सोफे पॉलिस्टरचे असतात. तुमचाही तसाच निघाला असं धरून सांगतो. बैठकीला चेन असली तरी खोळ काढून मशीनमध्ये टाकू नका. ती चेन फोम आत घालता यावा म्हणून असते, धुण्यासाठी असतेच असं नाही. खोळ आकसली तर परत चढत नाही, आणि एकच धुतली तर ती शेजारच्या बैठकींपेक्षा वेगळ्या रंगाची दिसते. चेन उघडा मात्र नक्की. खोळ थोडी ओढून कापड आणि फोम यांच्यामध्ये एक जाड कोरडा पांढरा टॉवेल सरकवा. पुढचं निम्मं यश या टॉवेलात आहे, कारण आता जे खाली जाईल ते फोमऐवजी त्याच्यात जाईल. चेन नसेल तर पाणी निम्म्यानं कमी वापरा आणि धीर दुप्पट ठेवा.

रश्श्याच्या डागात एक गोष्ट नसते. मटणाची चरबी आणि तेल, त्या तेलात उतरलेला तिखटाचा रंग, हळद, आणि खोबऱ्या-तिळाच्या वाटणाचा गाळ. पाण्याला यातलं फारसं काही जुमानत नाही. आधी गाळ, मग तेल, शेवटी हळद, हा क्रम मोडू नका. तेल असताना हळदीच्या मागं लागलात तर औषध हळदीपर्यंत पोचतच नाही.

वाळलेला गाळ चमच्याच्या कडेनं उचलून व्हॅक्यूमनं ओढून घ्या. मग दोन वाट्या कोमट पाण्यात एक चमचा भांडी घासायचं लिक्विड. बार नको, पावडर नको. हे पाणी घुसळून फक्त वरचा फेस घ्यायचा. पांढऱ्या सुती फडक्यावर फेस घेऊन डागावर टिपत जायचं, कडेकडून आत. फडकं पांढरंच हवं, कारण त्यावर किती रंग उतरतोय हे दिसलं पाहिजे. रंगीत फडक्याचा रंग सोफ्याला लागल्याचे प्रकार मी बघितलेत. घासायचं अजिबात नाही. घासल्यानं धागे पिंजतात आणि डाग गेला तरी ती जागा वेगळी दिसत राहते, त्यावर इलाज नाही. फडक्याची बाजू बदलत राहा. तिखटाचा तांबडेपणा तेलाबरोबर बराचसा जातो, आणि फडक्यावर केशरी रंग दिसला की समजा गाडी रुळावर आहे.

नंतर साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं साबण काढा, दोनदा-तीनदा. यात सगळे आळस करतात. मागं राहिलेला साबण चिकट असतो, महिन्याभरात त्याच जागी धूळ धरून काळा ठिपका होतो, आणि मग लोक म्हणतात सोफा धुतल्यावर जास्त मळतो. डागाची लाली अजून असेल तर या टप्प्यावर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी टिपून लावा. पुन्हा साधं पाणी. सोडा आता कपाटातच.

आता उरला हळदीचा पिवळा. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट घ्या. सॅनिटायझरमध्ये वास आणि ग्लिसरीन असतं, ते चिकटपणा सोडतं. आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला, भिंतीकडच्या कोपऱ्यात, थेंबभर लावून दहा मिनिटं थांबा. रंग उतरत नसेल तर पुढं. ओतायचं नाही, फडकं भिजवून टिपायचं, आणि लगेच कोरड्या फडक्यानं उचलायचं. खिडक्या उघड्या, पंखा चालू, आणि देवघरातला दिवा विझलेला. स्पिरिट पेट घेतं.

यानंतर जो फिकट पिवळा राहील त्यासाठी सगळ्यात चांगलं औषध फुकट आहे. ऊन. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. हळदीचं बोट लागलेली साडी आपल्या आज्या दोरीवर उन्हात टाकायच्या, ते उगाच नव्हतं. तुमची अडचण अशी की आषाढात कोल्हापुरात ऊन मागून मिळत नाही. पण ढगाळ उजेडही काम करतो, वेळ जास्त घेतो इतकंच. बैठक खिडकीशी उभी करा, डाग उजेडाकडं, आणि आठवडाभर विसरून जा. रोज बघितलं तर फरक दिसत नाही, म्हणून पहिल्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आठवड्यानंही समाधान झालं नाही तर शेवटचा उपाय हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तितकंच पाणी मिसळून ३ टक्के करा. कोपऱ्यात तपासा, मग डागावर थोडंसं टिपून अर्धा तास ठेवा, साध्या पाण्यानं काढा. हे रंग उडवणारं औषध आहे, सोफ्याचाही उडवू शकतं. क्रीम रंगावर धोका कमी, गडद कापडावर मी घरी करायला सांगणार नाही. कपडे पांढरे करायचं ब्लीच मात्र सोफ्याच्या आसपास आणू नका. त्यात भर म्हणून तुमच्या सोफ्यात व्हिनेगर गेलेलं आहे. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुण्याच्या ॲसिडात ब्लीच मिसळतात तेव्हाही हेच होतं. बंद खोलीत हा खेळ जिवावर बेततो.

आता वाळवणं, आणि तुमच्या तळघराचा बंदोबस्त. काम संपल्यावर डागाच्या जागेवर दोन-तीन कोरडे टॉवेल घडी करून ठेवा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर वजन. पाट आणि त्यावर गव्हाचा डबा, काहीही. रात्रभर. आतलं पाणी वर चढायचंच आहे, तर ते कापडाऐवजी टॉवेलात चढू दे. सकाळी टॉवेलावर पिवळट ठसा दिसेल, तो बघून मला अजूनही बरं वाटतं. टॉवेल बदलून पुन्हा. ठसा उमटायचा थांबला की पंख्याखाली ठेवा. इस्त्री आणि हेअर ड्रायर नको, उष्णतेनं उरलेली हळद पक्की बसते. तपकिरी कडेला वेगळं औषध लागत नाही. शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण बैठक साध्या पाण्याच्या फडक्यानं एकसारखी दमट करून वाळवली की ती बहुतेक जाते. ओल अर्ध्यात थांबली नाही तर कडा कुठं पडणार?

हे सगळं एका बैठकीत संपवायची घाई नको. पावसाळ्यात फोम एकदा चिंब झाला की चार-चार दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. तो वास काढणं डागापेक्षा अवघड. थोडं करा, वाळू द्या, परत करा.

गालिच्याची गोष्ट वेगळी. लोकर आणि हळद यांचं जुनं नातं आहे, लोकर रंगवायला हळद वापरतात. त्यामुळे इथं मी सोफ्याइतकी आशा दाखवत नाही. लोकरीला अल्कली सोसत नाही, ब्लीचनं तर ती विरघळते, आणि गरम पाण्यात घासली तर नमद्यासारखी घट्ट होते. म्हणून थंड पाणी, त्यात लोकरी कपड्यांचं लिक्विड अगदी अर्धा चमचा, तसंच फेसानं टिपायचं. त्याआधी गालिच्यातला सगळ्यात गडद रंग, बहुतेक लाल नाहीतर निळा, ओल्या पांढऱ्या फडक्यानं मिनिटभर दाबून बघा. फडक्यावर रंग आला तर तिथंच थांबा. रंग फुटलेला गालिचा मीसुद्धा पहिल्यासारखा करून देऊ शकत नाही.

फेसानंतर वर सांगितलेलं व्हिनेगरचं पाणी, मग साधं पाणी, मग टॉवेल आणि वजन. वाळवताना फरशीवर पसरू नका. दोन खुर्च्यांच्या पाठीवर आडवा टाका, खालून वरून वारा लागू दे. हातमागाच्या गालिच्यात उभा ताणा बहुधा सुती असतो, बाहेर दिसणारी झालर त्याचीच टोकं. तो ओला राहिला की पिवळट-तपकिरी रंग सोडतो. पेरॉक्साइड लोकरीवर घरी वापरू नका. उरलेला पिवळेपणा उजेडावर सोपवा. शिंतोडेच आहेत, त्यामुळे नक्षीत लपून जातील असा माझा अंदाज.

आता प्रश्नाखाली बाकीच्यांनी विचारलेलं थोडक्यात सांगतो. चहाचा डाग आम्लानं सुटतो, म्हणून आधी व्हिनेगरचं पाणी. चहात दूध असेल तर त्यानंतर भांड्याच्या लिक्विडाचा फेस. रक्त आणि अंडं यांना थंड पाणीच, गरम लावलं की शिजून चिकटतात. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट, थेंबाथेंबानं, आणि प्रत्येक थेंबाला फडक्याची नवी बाजू. पानाच्या पिंकेला सोडा-साबण नको, कात-चुन्याचा रंग अल्कलीत आणखी चढतो. रंगपंचमीचा कोरडा रंग सोफ्यावर पडला तर पाणी म्हणजे आत्महत्या. व्हॅक्यूमनं सगळा ओढल्याशिवाय ओला हात लावू नका. लहान मुलाच्या शूचा वास शाम्पूनं जात नाही, कारण तो फोममध्ये असतो. एन्झाइमवालं क्लीनर जेवढ्या खोल शू गेली तेवढ्या खोल जाऊ द्यावं लागतं, आणि ते सावकाश वाळू द्यावं लागतं.

एकानं २०१९ च्या महापुरात भिजलेल्या सोफ्याबद्दल विचारलंय, वास अजून येतो म्हणून. २०१९ ला आणि परत २०२१ ला मी शाहूपुरीपासून नदीकाठच्या गल्ल्यांपर्यंत असे कितीतरी सोफे बघितले. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गटार असतं. फोम टाकून द्या. लाकडी सांगाडा सागवानी असेल तर तो वाचवून नवी बैठक करा. फोम वाचवायच्या नादात मी तेव्हा काही घरांचे पैसे वाया घालवले, हे कबूल करतो.

परत तुमच्याकडं. दोन आठवडे जुना, साबण लागलेला, एकदा आत जाऊन वर आलेला डाग. सांगितल्याप्रमाणे केलंत तर तेल आणि तांबडेपणा जाईल, कडा जाईल, आणि हळदीची हलकी सावली महिना-दोन महिने दिसत राहील असं मला वाटतं. माणूस बोलावणार असाल तर दोनच गोष्टी विचारा. पाणी मारून परत ओढून घेणारं मशीन आहे का, आणि कापड कसं ओळखणार. जो येताक्षणी फवारा मारून ब्रश फिरवायला लागतो त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि काहीच जमलं नाही तर सोफा बदलायची गरज नाही. तुमचा सोफा भिंतीला लागून असेल तर त्याच्या पाठीच्या मागच्या बाजूला बहुतेक तेच कापड लावलेलं असतं, तितकंच जुनं आणि तितकंच फिकटलेलं. एखाद्या कुशनवाल्याला सांगून ते काढायचं आणि बैठकीच्या वरच्या भागाला लावायचं. मागं भिंतीकडं कुठलंही मिळतंजुळतं कापड चालतं. नव्या ठाणातलं कापड आणलं तर ती एकच बैठक नवी कोरी दिसते आणि पाहुणा आल्या आल्या तिथंच बोट दाखवतो.